प्रोग्रॅमच्या भांडाराला मेमरी किती लागते?

मालवण, आचरे किंवा देवबागच्या एखाद्या माध्यमिक शाळेतील मुले प्रोग्रॅम लिहू लागली आहेत, असे समजू. एक गट माशांच्या मालवणी नावांचा कोश करतो आहे. बांगडा, पेडवे, सुंगटा, मोरी, सौंदाळा अशी यादी रोज वाढते आहे. दुसरा गट शाळेच्या पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून आलेख काढणारा प्रोग्रॅम लिहितो आहे. काम चार-सहा मुलांच्या हातांतून जाते. थोड्याच दिवसांत पेनड्राइव्हवर ‘कोश’, ‘कोश नवा’, ‘कोश अंतिम’ आणि ‘कोश खरा अंतिम’ अशा चार फायली जमतात. यांतली खरी कोणती, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

यावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी फार पूर्वीच उपाय शोधला आहे. तो म्हणजे भांडार. भांडारात प्रत्येक फाइलची आजची आवृत्ती असतेच, शिवाय ती कोणी, केव्हा आणि कशी बदलली याचा सगळा इतिहासही असतो. हे भांडार एखाद्या कंपनीच्या दूरच्या यंत्रावर ठेवता येते, तसेच शाळेतल्याच एका संगणकावरही ठेवता येते. अशा संगणकाला सर्व्हर म्हणायचे. हा दुसरा मार्ग निवडला की जाणकार पहिला प्रश्न विचारतात, “मेमरी किती आहे?” आणि इथे गोंधळ सुरू होतो. एक जण सांगतो, आठ गिगाबाइट तरी हव्यातच. दुसरा म्हणतो, कपाटात पडलेला दहा वर्षांपूर्वीचा संगणकही चालेल. गंमत अशी की दोघेही बरोबर असतात. असे का, हे कळण्यासाठी इतिहासात थोडे मागे जावे लागते.

त्याआधी एक खुलासा. इथे मेमरी म्हणजे संगणकाची कामचलाऊ स्मृती. वर्गातील फळा आणि कपाट आठवा. कपाटात वर्षानुवर्षांच्या वह्या राहतात; ती संगणकाची डिस्क. फळ्यावर आत्ता चाललेले गणित असते आणि तास संपला की ते पुसले जाते, ती मेमरी. वीज गेली की फळा कोरा होतो, कपाट तसेच राहते. भांडारातील इतिहास कपाटात असतो. आपला प्रश्न आहे तो फळा केवढा हवा, याचा.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हा संगणक तयार झाला. तो १९६० साली कामाला लागला. त्याची मेमरी चुंबकीय फेराइट कड्यांची होती. तिच्यात ४० बिटांचे २०४८ ‘शब्द’ मावत. हिशेब करून पाहा. २०४८ गुणिले ४० म्हणजे ८१,९२० बिट, म्हणजेच १०,२४० बाइट. आज देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला बहुधा तीन बाइट लागतात. ‘बांगडा’ या शब्दात ब, काना, अनुस्वार, ग, ड आणि काना अशी सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट झाले. टिफ्रॅकच्या सगळ्या मेमरीत ‘बांगडा’ हा शब्द ५६८ वेळा लिहिला की जागा संपली! एवढ्या फळ्यावर त्या काळच्या शास्त्रज्ञांनी गंभीर संशोधनाची गणिते सोडवली. अर्थात तिथे आवृत्त्यांच्या इतिहासाचा प्रश्नच नव्हता. प्रोग्रॅम कागदी पट्टीवर छिद्रे पाडून ठेवलेला असे, आणि जुनी आवृत्ती हवी असेल तर जुनी पट्टी जपून ठेवायची.

भांडाराची कल्पना आली ती पुढच्या दशकात, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. तिथे १९७१ साली युनिक्स ही प्रणाली ज्या यंत्रावर चालत होती, त्याची मेमरी २४ किलोबाइट होती. त्यातले १६ किलोबाइट प्रणालीला आणि उरलेले ८ किलोबाइट वापरणाऱ्यांच्या प्रोग्रॅमना. डिस्क होती अर्ध्या मेगाबाइटची. माझ्या शाळेच्या दिवसांत मिळणाऱ्या फ्लॉपीवर याच्या जवळजवळ तिप्पट मजकूर मावत असे. याच प्रयोगशाळेत १९७२ साली मार्क रॉचकाइंड यांनी आवृत्त्या सांभाळणारा पहिला महत्त्वाचा प्रोग्रॅम लिहिला. तो सुरुवातीला एका मोठ्या आयबीएम यंत्रासाठी होता, आणि लवकरच युनिक्सच्या लहान यंत्रावर आला.

एवढ्याशा जागेत इतिहास बसवायचा तर प्रत्येक आवृत्ती पूर्ण ठेवणे परवडणारे नव्हते. शाळेचे वेळापत्रक बदलते तेव्हा आपण तरी काय करतो? गुरुवारचा तिसरा तास बदलला म्हणून सगळे वेळापत्रक पुन्हा छापत नाही. सूचनाफलकावर एका ओळीची चिठ्ठी लावतो. रॉचकाइंड यांनी हेच केले. मूळ मजकूर आणि नंतरचे फरक एकाच फायलीत गुंफून ठेवले. पुढे १९८२ साली पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी याला उलट वळण दिले. त्यांच्या पद्धतीत सर्वांत ताजी आवृत्ती पूर्ण ठेवायची आणि मागे जाण्यासाठी फरकांच्या चिठ्ठ्या ठेवायच्या. बहुतेकांना ताजी आवृत्तीच हवी असते, त्यामुळे हे सोयीचे झाले. मेमरीच्या दृष्टीने दोन्हींत एक साम्य होते. एका वेळी एकाच फायलीचे काम फळ्यावर यायचे. भांडार कितीही जुने आणि मोठे झाले तरी फळा तेवढाच पुरत असे.

मग आला अनेकांनी एकदम काम करण्याचा प्रश्न. अ‍ॅमस्टरडॅममधील डिक ख्रुने यांना दोन विद्यार्थ्यांबरोबर एक कंपायलर लिहायचा होता, आणि तिघांच्या वेळा जुळत नव्हत्या. त्यातून १९८६ साली सीव्हीएस ही पद्धत निघाली. पुढे तिचा विस्तार होऊन एक मध्यवर्ती सर्व्हर आणि त्याला जोडलेले अनेक जण, अशी रचना रूढ झाली. आपल्या प्रश्नाचे बहुधा सर्वांत सरळ उत्तर याच सीव्हीएसच्या माहितीपुस्तिकेत आहे. तिच्यात सांगितले आहे की सर्व्हरच्या गरजा माफक असतात. ३२ मेगाबाइट किंवा त्याहूनही कमी मेमरीचे यंत्र बऱ्यापैकी मोठे भांडार सांभाळू शकते. पण त्याबरोबर एक अटही घातली आहे. भांडारात ठेवायच्या सर्वांत मोठ्या फायलीच्या सुमारे दहापट मेमरी हाताशी असावी. म्हणजे १० मेगाबाइटची एक फाइल ठेवायची असेल तर १०० मेगाबाइट.

या अटीकडे शिक्षकांनी जरा थांबून पाहावे, कारण तिच्यातच विषयाचे मर्म आहे. अट भांडाराच्या एकूण आकाराविषयी नाही. हजार लहान फायली असल्या तरी चालतात. एकच अगडबंब फाइल यंत्राला गुडघ्यावर आणते. दोन आवृत्त्यांतील फरक काढायचा तर दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी मांडाव्या लागतात. ओळींच्या जुळणीचा तक्ता लिहायलाही जागा लागते. फळा भरतो तो या कच्च्या कामाने.

गिट आणि दहा खिडक्या

आज जगभर जी पद्धत वापरतात ती गिट. तिचा जन्म भांडणातून झाला. लिनक्स या मुक्त प्रणालीचा गाभा लिहिणारे लोक बिटकीपर नावाची एका कंपनीची पद्धत वापरत होते. एप्रिल २००५ मध्ये त्यांना मिळणारी फुकट परवानगी बंद झाली. लिनस टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला स्वतःची पद्धत लिहायला घेतली आणि ७ एप्रिलला गिटचा इतिहास गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. चार दिवस! पुढे जुलैमध्ये त्यांनी हे काम जुनिओ हामानो यांच्याकडे सोपवले.

गिट नवी आवृत्ती आधी पूर्णच ठेवते, आणि नंतर सवडीने आवरते. या आवरण्यात ती सारख्या दिसणाऱ्या फायली रांगेत लावून एकेकीची तुलना जवळच्या दहा फायलींशी करते आणि कोणाशी फरक सर्वांत कमी आहे ते शोधते. दहांच्या या गटाला खिडकी म्हणतात. खिडकीतल्या सगळ्या फायली उलगडलेल्या स्वरूपात मेमरीत असाव्या लागतात. पुन्हा दहा! सीव्हीएसमधील दहा आणि हे दहा यांची कारणे वेगळी, पण परिणाम तोच.

उदाहरण घेऊ. मासळी लिलावाचा ६० मेगाबाइटचा व्हिडिओ मुलांनी भांडारात टाकला, आणि एक नव्हे, तसे चाळीसेक टाकले. एक खिडकी म्हणजे ६० गुणिले १०, सहाशे मेगाबाइट. आजच्या यंत्रात चार गाभे असतात आणि गिट प्रत्येक गाभ्यासाठी वेगळी खिडकी उघडते. म्हणजे २४०० मेगाबाइट. दोन गिगाबाइटचे यंत्र इथे अडकणार. आणि हा सगळा खटाटोप वाया जातो, कारण व्हिडिओ आधीच दाबून लहान केलेला असतो. दोन व्हिडिओंत सारखे असे फारसे सापडत नाही. याउलट माशांच्या कोशात पाच हजार शब्द असले आणि शब्दाला सरासरी १८ बाइट धरले, तरी फाइल ९० हजार बाइटांची. दहा खिडक्या, चार गाभे सगळे धरून चार मेगाबाइटही होत नाहीत.

खिडकीला मर्यादा घालण्याची सोय गिटमध्ये आहे. सेटिंगमध्ये एका खिडकीने किती मेमरी घ्यावी आणि किती गाभे वापरावेत हे ठरवून देता येते. काम हळू होते, पण होते. शाळेला रात्रभर वेळ असतो.

मात्र फार मोठ्या भांडारात नोंदींच्या संख्येचाही भार पडतो. कोणी पूर्ण प्रत मागितली की काय काय द्यायचे याची यादी सर्व्हर मेमरीत तयार करतो. यादीतील प्रत्येक नोंदीला थोडी जागा लागते. २०१८ साली न्गुयेन थाई न्गोक दुय या व्हिएतनामी प्रोग्रॅमरने ही नोंद १३६ बाइटांवरून ८० बाइटांवर आणली. ५६ बाइट वाचवून काय साधले, असे कोणी विचारील. भांडारात ६५ लाख नोंदी असतील तर ५६ बाइटांचे ३६ कोटी ४० लाख बाइट होतात, म्हणजे ३६० मेगाबाइटांहून अधिक. नवी मेमरी विकत न घेता, केवळ विचार करून मिळवलेली ही जागा. विद्यार्थ्यांना गुणाकार शिकवताना हे उदाहरण द्यायला हरकत नाही. शाळेच्या भांडारात नोंदी काही हजारच असतील, त्यामुळे ही चिंता आपली नव्हे.

मग आठ गिगाबाइट कुठून आले?

ते आले भांडाराभोवतीच्या पसाऱ्यातून. नुसते गिट आज्ञा टाइप करून वापरायचे असते. लोकांना हवे होते संकेतस्थळासारखे पान: फायली डोळ्यांनी पाहता याव्यात, चुका नोंदवता याव्यात, चर्चा करता यावी. २००८ साली गिटहब ही कंपनी हे घेऊन आली आणि जग तिकडे गेले. पण ती यंत्रे परक्यांची. २०११ साली युक्रेनमधील खारकिव्हचे दिमित्रो झापोरोझेत्स यांनी स्वतःच्या यंत्रावर बसवता येईल असे गिटलॅब लिहायला घेतले. त्यांच्या घरी तेव्हा नळाचे पाणी नव्हते, रोज सार्वजनिक विहिरीवरून पाणी आणावे लागे; पण त्यापेक्षा चांगले भांडार नाही ही त्यांना मोठी अडचण वाटत होती, असे त्या कंपनीच्या इतिहासात नोंदले आहे. (कोकणातील वाचकांना पहिली अडचण समजावून सांगायला नको.)

गिटलॅब रुबी या भाषेत लिहिलेले आहे. त्यात येणाऱ्या विनंत्या हाताळायला अनेक ‘कामगार’ प्रक्रिया उभ्या ठेवतात, आणि प्रत्येक कामगार सगळा प्रोग्रॅम आपल्या मेमरीत घेऊन बसतो. शिवाय माहितीसाठ्याचा वेगळा प्रोग्रॅम, मागच्या दाराने कामे करणारा वेगळा, तात्पुरत्या नोंदींचा वेगळा, आणि या सगळ्यांची तब्येत पाहणारा आणखी एक. कोणी भांडाराकडे फिरकले नाही तरी ही मंडळी फळा अडवून बसलेलीच असतात. सुरुवातीच्या वर्षांत शंभर जणांना १ गिगाबाइट पुरेल असे गिटलॅबच्या सूचनांत असे. आता ८ गिगाबाइटची शिफारस आहे. त्यांनी काटकसर केलीच नाही असे मात्र नाही. मे २०२० मध्ये एका कामगाराने एका वेळी एकच विनंती घेण्याची जुनी पद्धत त्यांनी बदलली. आता एकाच कामगारात अनेक धागे मेमरी वाटून घेतात, आणि त्यामुळे मेमरीचा वापर सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. लहान यंत्रांसाठीही त्यांच्या वेगळ्या सूचना आहेत. अनावश्यक भाग बंद केले तर मोजक्या लोकांसाठी अडीच गिगाबाइटच्या आसपास भागते.

दुसऱ्या टोकाला गॉग्ज हा २०१४ सालचा प्रोग्रॅम, त्यातून २०१६ साली फुटून निघालेला गिटी आणि त्यातून २०२२ साली निघालेला फोर्जेहो. हे गो भाषेत लिहिलेले आहेत. सगळा प्रोग्रॅम मिळून एकच प्रक्रिया, आणि माहितीसाठा एका साध्या फायलीत ठेवता येतो. लहान गटासाठी १ गिगाबाइट मेमरी पुरेशी आहे असे गिटीचे कर्ते सांगतात. हाताच्या पंजाएवढा रास्पबेरी पाय संगणकही त्यांना चालतो. भांडार तेच, गिट तेच. फरक आहे तो भोवतीच्या माणसाळू पानांचा. माझे मत विचाराल तर शाळेने या दुसऱ्या टोकापासून सुरुवात करावी. आठ गिगाबाइटचे यंत्र घ्यायला पैसे नाहीत म्हणून बेत रद्द करण्याचे काही कारण नाही.

शाळेचा हिशेब असा मांडता येईल. दोन गिगाबाइटच्या यंत्रात प्रणाली आणि गिटी मिळून १ गिगाबाइट धरू. तास सुरू होताच चाळीस मुले एकदम प्रत मागतात. प्रत्येक मागणीसाठी सर्व्हरवर गिटची एक प्रक्रिया सुरू होते. लहान भांडारासाठी तिला २० मेगाबाइट लागतात असे सढळ हाताने धरले, तरी ८०० मेगाबाइट झाले. म्हणजे जेमतेम का होईना, मावते; आणि चार-चार मुलांनी मागणी केली तर प्रश्नच नाही. मेमरी कमी पडली की यंत्र डिस्कचा काही भाग मेमरी म्हणून वापरते, पण तो प्रकार फळ्याऐवजी दर ओळीला कपाट उघडण्यासारखा आहे.

कोणी विचारील, एवढे करायचेच कशाला? गिटहब फुकट आहे. आहे खरे. पण डिसेंबर २०१४ च्या अखेरीस मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून भारतात ३२ संकेतस्थळे बंद करण्यात आली, त्यांत गिटहब आणि सोर्सफोर्ज होते. काही दिवसांत ती पुन्हा उघडली, पण तोवर ज्यांचे काम तिथे होते त्यांना हात बांधून बसावे लागले. गूगलने २००६ साली सुरू केलेले स्वतःचे भांडारघर जानेवारी २०१६ मध्ये कायमचे बंद केले. आणि सिंधुदुर्गात यासाठी मुंबईच्या आदेशाचीही गरज नसते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्यावरून गेले तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावे अंधारात गेली. इंटरनेट नसताना दूरचे भांडार असून नसल्यासारखे. शाळेतला काही वॅटवर चालणारा छोटा संगणक मात्र बॅटरीवरही तासन्‌तास तग धरतो, आणि वर्गातल्या वर्गात मुलांना जोडून ठेवतो.

बॅटरीही संपली, किंवा खाऱ्या हवेने यंत्रच गंजून बंद पडले तर? इथे गिटची मूळ रचना कामी येते. प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे केवळ ताज्या फायली जात नाहीत, पहिल्या दिवसापासूनचा पूर्ण इतिहास जातो. सर्व्हर गेला तरी ज्या मुलीच्या संगणकावर सर्वांत ताजी प्रत आहे तिच्याकडून भांडार जसेच्या तसे उभे करता येते. परत येत नाही ती भोवतीची माहिती: कोणी कोणती चूक नोंदवली, चर्चा काय झाली, कोणाला कोणती परवानगी होती. हे सारे गिटमध्ये नसते, गिटीच्या माहितीसाठ्याच्या त्या एका फायलीत असते. दर शनिवारी शाळा सुटताना सर्व्हर क्षणभर थांबवून ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी, आणि तो पेनड्राइव्ह शाळेच्या कपाटात न ठेवता कोणीतरी घरी न्यावा.